‘म्हणे’ची जबाबदारी
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘होमर आंधळा होता म्हणे.’ चार शब्दांचे हे वाक्य दिसायला अगदी साधे आहे. त्यातील पहिले तीन शब्द एका ग्रीक महाकवीविषयी विधान करतात आणि चौथा शब्द त्या विधानाविषयी विधान करतो. बोलणाऱ्याने होमरला पाहिलेले नाही, त्याच्या अंधत्वाची ग्वाही तो देऊ शकत नाही, ही गोष्ट कोणाकडून तरी त्याच्यापर्यंत चालत आली आहे आणि तो ती तशीच पुढे देत आहे, एवढा सगळा आशय ‘म्हणे’ या दोन अक्षरांत सामावलेला आहे. मराठी घरातील लहान मूलही हा शब्द अचूक वापरते. ‘उद्या सुट्टी आहे’ आणि ‘उद्या सुट्टी आहे म्हणे’ यांतील अंतर त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पहिले वाक्य ऐकून दप्तर बाजूला टाकता येते. दुसरे ऐकून टाकता येत नाही.

हेच मूल वरच्या इयत्तेत जाते आणि इंग्रजीच्या पुस्तकात त्याला वाक्य भेटते : ‘होमर इज सेड टु हॅव बीन ब्लाइंड.’ येथे ते अडखळते. ‘सेड’ म्हणजे म्हटले; मग होमर काही म्हणाला काय? वाक्याच्या आरंभी होमर आहे, त्यालगत म्हणण्याचे क्रियापद आहे. तेव्हा ‘आपण आंधळे होतो असे होमर म्हणाला’ असा उलटा अर्थ लावण्याचा मोह अनेक विद्यार्थ्यांना होतो. मराठीत जे बोट धरून चालण्याच्या वयात आत्मसात झाले, तेच इंग्रजीत वेगळा पोशाख घालून आले की ओळखू येत नाही. ही ओळख पटवून देणे हे इंग्रजीच्या शिक्षकाचे काम आहे. आणि ती पटली की मूल केवळ एक व्याकरणाचा नियम शिकत नाही, तर वृत्तपत्र, नोटीस, माहितीफलक आणि भ्रमणध्वनीवर येणारा संदेश वाचण्याची एक शिस्त शिकते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

प्रथम या रचनेची घडण पाहू. एकच गोष्ट इंग्रजीत तीन प्रकारे सांगता येते. पहिला प्रकार : ‘पीपल से दॅट होमर वॉज ब्लाइंड.’ लोक म्हणतात की होमर आंधळा होता. येथे म्हणणारे लोक वाक्यात उघडपणे उभे आहेत. दुसरा प्रकार : ‘इट इज सेड दॅट होमर वॉज ब्लाइंड.’ असे म्हणतात की होमर आंधळा होता. येथे लोक पडद्याआड गेले आणि त्यांच्या जागी ‘इट’ हा नाममात्र कर्ता येऊन बसला. तिसरा प्रकार म्हणजे आपले मूळ वाक्य : ‘होमर इज सेड टु हॅव बीन ब्लाइंड.’ येथे तो नाममात्र कर्ताही उठला, ज्याच्याविषयी बोलायचे तो होमर स्वतः कर्त्याच्या आसनावर आला, म्हणण्याची क्रिया कर्मणी झाली आणि त्याच्या अंधत्वाची हकिगत ‘टु’ लावलेल्या क्रियारूपात, म्हणजे इन्फिनिटिव्हमध्ये, गुंडाळून मागे ठेवली गेली.

मराठीतून इंग्रजी शिकणारी मुले बहुधा दुसऱ्या प्रकारावर थांबतात, कारण ‘असे म्हणतात की’ या परिचित चौकटीत तो नेमका बसतो. कधी दोन्ही प्रकारांची सरमिसळ होऊन ‘ही इज सेड दॅट ही इज रिच’ असे अशुद्ध वाक्यही तयार होते. तिसरा प्रकार समजावून देण्यासाठी ‘असे म्हटले जाते की’ या जड वाक्प्रयोगापेक्षा ‘म्हणे’ अधिक उपयोगी पडतो. ‘होमर आंधळा होता म्हणे’ या वाक्यातही होमर अग्रभागी आहे, त्याची हकिगत मध्ये आहे आणि म्हणणारा अदृश्य आहे. शब्दांचा क्रम भिन्न असला तरी मनातील मांडणी एकच आहे. भाषांतराच्या तासाला मुलांनी मराठी वाक्याच्या शेवटचा ‘म्हणे’ उचलावा आणि इंग्रजी कर्त्यालगत ‘इज सेड’ म्हणून ठेवावा. एवढ्या एका युक्तीने निम्मी अडचण दूर होते.

या रचनेचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजीतील पुष्कळशी कर्मणी वाक्ये पुन्हा कर्तरी करता येतात. ‘पत्र लिहिले गेले’ याचे ‘तिने पत्र लिहिले’ करता येते. ‘बिलीव्ह’ या धातूच्या बाबतीतही तशी सोय आहे. ‘दे बिलीव्ह हिम टु बी ऑनेस्ट’ हे वाक्य शुद्ध ठरते. ‘से’ या धातूला मात्र ही सोय नाही. ‘दे से हिम टु बी ऑनेस्ट’ असे आजचे इंग्रजी म्हणत नाही. म्हणणाऱ्याला परत आणायचे असेल तर संपूर्ण वाक्य मोडून ‘दे से दॅट’ अशी नवी बांधणी करावी लागते. ‘रूमर’ या धातूचे तर आजच्या वापरात कर्मणी रूपच काय ते उरले आहे. अफवा असते, अफवा पसरवणारा व्याकरणालाही सापडत नाही. तात्पर्य, ‘इज सेड टु’ ही अशी रचना आहे की जिच्यात बोलविता धनी जन्मतःच गैरहजर असतो.

आता काळाचा प्रश्न. या रचनेत दोन घड्याळे चालतात आणि ती वेगवेगळी वाचावी लागतात. एक घड्याळ म्हणण्याचे. ते ‘इज’ आणि ‘वॉज’ यांवरून कळते. दुसरे घड्याळ घडण्याचे. ते ‘टु’नंतर येणाऱ्या रूपावरून कळते. ‘ही इज सेड टु बी रिच’ म्हणजे तो श्रीमंत आहे म्हणे. बोलणेही आजचे, श्रीमंतीही आजची. ‘ही इज सेड टु हॅव बीन रिच’ म्हणजे तो एके काळी श्रीमंत होता म्हणे; बोलणे आजचे, श्रीमंती मागची. ‘ही वॉज सेड टु बी रिच’ म्हणजे तो श्रीमंत आहे असे तेव्हा लोक म्हणत. बोलणेही मागचे, श्रीमंतीही त्याच वेळची. आणि ‘ही वॉज सेड टु हॅव बीन रिच’ म्हणजे तो त्याआधी केव्हातरी श्रीमंत होता, असे तेव्हा लोक म्हणत. क्रिया चालू असेल तर ‘टु बी लिव्हिंग’ अशी रूपे येतात. क्रिया कोणावर तरी घडलेली असेल तर ‘टु हॅव बीन बिल्ट’ अशी येतात. मराठीचा ‘म्हणे’ हे एकच घड्याळ दाखवतो, कारण तो गोठलेला शब्द आहे आणि त्याचा भूतकाळ होत नाही. बोलणे मागचे असेल तेव्हा मराठीला ‘असे तेव्हा म्हणत’ ही वेगळी वाट धरावी लागते. नेमका येथेच मराठी विद्यार्थ्याने अधिक सावध राहायला हवे.

‘टु बी’ आणि ‘टु हॅव बीन’ यांतील फरक केवळ परीक्षेतील एका गुणाचा आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी पानिपतानंतरची पुण्याची स्थिती आठवावी. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणांगणात दिसेनासे झाले. त्यांचा देह निःसंशय ओळखला गेला की नाही, याविषयी शंका राहिली. त्या एका शंकेतून दोन वाक्ये जन्मली. भाऊसाहेब पडले म्हणे. आणि भाऊसाहेब जिवंत आहेत म्हणे. इंग्रजीत लिहायचे तर पहिल्यात ‘टु हॅव फॉलन’ येईल आणि दुसऱ्यात ‘टु बी अलाइव्ह’. दोन्ही वाक्यांत म्हणणारा कोण, हे स्पष्ट नव्हते. पार्वतीबाईंनी पतिनिधनाची वार्ता स्वीकारली नाही आणि त्या सौभाग्यचिन्हांसह राहिल्या. पुढे भाऊसाहेबांचे नाव सांगणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्याभोवती माणसे आणि शस्त्रे जमली, पेशव्यांच्या कारभाऱ्यांना त्याच्याशी प्रत्यक्ष सामना द्यावा लागला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, तेव्हाच ते प्रकरण मिटले. न. चिं. केळकरांनी याच विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. एका अनिश्चित वाक्याने पंधरा वर्षे एका राज्याची झोप उडवली, याहून व्याकरणाचे महत्त्व सांगणारा दाखला शोधण्याची गरज नाही.

दुसरा दाखला सागरापलीकडचा आहे. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली आणि दीड हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परंतु त्याच दिवशी काही वृत्तपत्रांनी सर्व प्रवासी सुखरूप असल्याचे आणि जहाज ओढून बंदराकडे नेले जात असल्याचे वृत्त छापले. निरनिराळ्या जहाजांचे तुटक बिनतारी संदेश एकमेकांत मिसळल्यामुळे हा घोटाळा झाला असावा, असे मानले जाते. प्रवाशांच्या घरी ते वृत्त वाचणाऱ्याने ‘आर रिपोर्टेड टु हॅव बीन रेस्क्यूड’ यातील शेवटचा शब्द तेवढा वाचला असेल, तर त्याचा दोष कोण काढील? जिवाभावाचे माणूस समुद्रावर असताना ‘वाचले’ हा शब्द डोळ्यांत भरतो आणि ‘असे कळते’ हे शब्द नजरेतून निसटतात. म्हणूनच ते शब्द पाहण्याची सवय शांत दिवसांत, वर्गातल्या बाकावर बसून लावून घ्यावी लागते.

या रचनेतील सर्व क्रियापदे एका वजनाची नसतात, हेही मुलांना दाखवावे. ‘इज नोन टु’ म्हणजे ठाऊक असलेली, पुराव्याने स्थिर झालेली गोष्ट. ‘इज एस्टिमेटेड टु’ म्हणजे मोजमाप करून बांधलेला अंदाज. ‘इज बिलीव्ह्ड टु’ आणि ‘इज थॉट टु’ म्हणजे काही आधारावर बाळगलेली समजूत. ‘इज सेड टु’ म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट. ‘इज अलेज्ड टु’ म्हणजे कोणीतरी केलेला आणि अद्याप सिद्ध न झालेला आरोप. ‘इज रूमर्ड टु’ म्हणजे निव्वळ वदंता. मराठीतही ‘ज्ञात आहे’, ‘अंदाज आहे’, ‘मानतात’, ‘म्हणतात’, ‘आरोप आहे’ आणि ‘कुजबुज आहे’ अशी उतरंड आहेच. वृत्तपत्रातील एखादी बातमी घेऊन तिच्यातील प्रत्येक विधान या उतरंडीच्या कोणत्या पायरीवर उभे आहे, हे मुलांकडून ठरवून घेतले, तर इंग्रजी आणि विवेक या दोहोंचा अभ्यास एकाच तासात होतो.

‘सपोज्ड’ हा या कुटुंबातील थोडा खोडकर सदस्य आहे. ‘इज सपोज्ड टु बी’ याचा एक अर्थ ‘समजतात’ असा आहे. परंतु ‘विद्यार्थ्यांनी गणवेश घालणे अपेक्षित आहे’ हेही ‘आर सपोज्ड टु वेअर’ असेच लिहितात. तेथे समजूत मागे पडून कर्तव्य पुढे येते. आणि ‘वॉज सपोज्ड टु कम’ म्हटले की येणारा बहुधा आलाच नाही, असे समजावे. उपरोधातही हा शब्द चालतो. बेचव चहाचा घोट घेऊन मराठी माणूस ‘हा म्हणे चहा!’ असे उद्गारतो, तेव्हा त्याचे इंग्रजी ‘अँड धिस इज सपोज्ड टु बी टी!’ असेच होईल. ‘म्हणे’ वाक्याच्या शेवटी आला तर नम्र शंका व्यक्त करतो आणि मध्ये किंवा आरंभी आला तर टोमणा मारतो, ही मराठीची खुबी मुलांना अशा तुलनेतून नव्याने दिसते. परभाषा शिकताना मातृभाषा अधिक उजळते, ती अशी.

माहितीफलक आणि वाटाडे हे या रचनेचे माहेरघर. शालेय सहल ताजमहालाला गेली की तेथील कारागिरांचे हात तोडले गेले म्हणे, ही कथा कोणीतरी हमखास सांगतो. इंग्रजीत ती ‘आर सेड टु हॅव बीन कट ऑफ’ अशा रूपात फिरते. समकालीन साधनांत तिला आधार सापडत नाही. तरी ती पिढ्यान्पिढ्या जिवंत राहिली आहे, कारण तिच्यात सांगणाऱ्याला कोणी विचारत नाही की हे कोणी पाहिले. चीनची भिंत चंद्रावरून दिसते म्हणे, ही कथाही तशीच. २००३ मध्ये अंतराळात गेलेल्या यांग लिवेई या चीनच्या पहिल्या अंतराळवीराने पृथ्वीप्रदक्षिणेतून ती भिंत आपल्याला दिसली नाही असे सांगितले. चंद्र तर त्याहून कित्येक पटींनी दूर आहे. एका प्रत्यक्षदर्शीचे वाक्य शेकडो ‘म्हणे’ंना पुरून उरते, हे मुलांना यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

पाहिलेले आणि ऐकलेले यांत भेद करण्याची ही दृष्टी भारतीय भाषांना नवी नाही. पाणिनीने संस्कृतासाठी भूतकाळाचे एक वेगळे रूप सांगितले, ज्याला लिट् म्हणतात. जे बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडले त्यासाठी ते योजावयाचे. पतंजलीच्या महाभाष्यात यावर मोठी गमतीदार चर्चा आहे. स्वतः केलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांआड कशी असेल, मग हे रूप ‘मी’बरोबर कधी तरी येईल काय, असा प्रश्न तेथे निघतो, आणि उत्तर असे की झोपेत किंवा मद्याच्या अमलाखाली माणूस बडबडला तर ते त्यालाही दुसऱ्याकडूनच कळते. मराठीतही ‘मी रात्री झोपेत बडबडले म्हणे’ असे म्हणता येते, ते याच न्यायाने. त्याच चर्चेत शाकटायन या वैयाकरणाची गोष्ट आहे. तो रस्त्याच्या कडेला बसलेला असताना समोरून गाड्यांचा तांडा निघून गेला, पण विचारात मग्न असल्यामुळे त्याला तो दिसलाच नाही. अर्थात घटनास्थळी हजर असणे आणि साक्षीदार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणकारांनी केलेला हा विचार आजच्या न्यायालयातही शोभून दिसेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलांना तर या बाबतीत घराबाहेरही गुरू भेटतात. बेंगळुरूच्या मुलाला शेजारी ‘बंदनंते’ म्हणतो, म्हणजे तो आला म्हणे. हैदराबादच्या मुलीला मैत्रीण ‘वच्चाडट’ म्हणते, चेन्नईत ‘वंदानाम्’ ऐकू येते, अर्थ तोच. कन्नडचा ‘अंते’, तेलुगूचा ‘अट’ आणि तमिळचा ‘आम्’ ही ‘म्हणे’चीच भावंडे आहेत. इंदूर, भोपाळ किंवा दिल्लीच्या बाजारात हिंदी माणूस ‘सुना है’ अशी सुरुवात करतो. दोन-तीन भाषांच्या संगमावर वाढणाऱ्या मुलाला एकच कल्पना अनेक वेषांत भेटते. त्याला इंग्रजीचा चौथा वेष ओळखणे जड का जावे? अट एकच, त्याच्या पायाखाली एक भाषा तरी पक्की हवी.

पालकांच्या मनातील चिंतेचा येथे आदराने विचार केला पाहिजे. परप्रांतात मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घातले तर त्याचे इंग्रजी कच्चे राहील, ही भीती साठ वर्षांपूर्वीही होती आणि आजही आहे. ती निराधार आहे असे सांगून तिची बोळवण करू नये. इंग्रजी कच्चे राहते, ते शिकवण्यात कसूर राहिल्यास राहते, कोणत्याही माध्यमात राहते. परंतु ‘इज सेड टु’ या रचनेचा अभ्यास एक गोष्ट दाखवून देतो. हे वाक्य ज्याला केवळ पाठांतराने येते, तो प्रश्नपत्रिकेत रूपांतर करून गुण मिळवील. पण वाक्यात म्हणणारा लपलेला आहे, हे त्याच्या ध्यानी येईलच असे नाही. ज्याला ‘म्हणे’चे मर्म स्वभाषेत उमगले आहे, त्याला त्या लपलेल्या माणसाचा सुगावा इंग्रजीतही लागतो. मराठीतून इंग्रजी शिकण्याची वाट नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले, आणि तर्खडकर भाषांतर पाठमालेची पुस्तके हाती घेऊन मराठी मुलांच्या अनेक पिढ्या दोन भाषांची वाक्ये शेजारी शेजारी मांडून इंग्रजी शिकल्या. ती शेजारी मांडण्याची पद्धत आजही उपयोगाची आहे.

या साऱ्यात खरोखर पणाला काय लागते, याचा विचार ‘अलेज्ड’ या शब्दापाशी थांबून करावा. ‘अमुक व्यक्तीने पैसे चोरल्याचा आरोप आहे’ हे वाक्य इंग्रजीत ‘इज अलेज्ड टु हॅव स्टोलन’ असे होते. त्या वाक्यात ज्याच्यावर आरोप आहे त्याचे नाव कर्त्याच्या जागी, सर्वांच्या नजरेसमोर असते. आरोप करणाऱ्याचे नाव कोठेच नसते. बातमी देणाऱ्याने सावधगिरी बाळगली, कारण त्याने ‘चोरले’ असे म्हटले नाही. वाचणाऱ्याने मात्र नाव आणि चोरी एवढेच ध्यानात ठेवले, तर एका माणसाची अब्रू एका कर्मणी क्रियापदाच्या आडोशाने जाते. कायद्याने या धोक्याची दखल फार पूर्वी घेतली. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६० प्रमाणे तोंडी साक्ष प्रत्यक्ष असावी लागे. पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ती स्वतः पाहिली असे सांगणारा साक्षीदार हवा. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. मृत्यूपूर्व जबानीसारखे काही अपवाद कायदा मानतो. एरवी ‘म्हणे’ला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जागा नाही. घरातील ओट्यावर, सोसायटीच्या गटात आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र रोज खटले चालतात, तेथे न्यायाधीश नसतो आणि निकाल क्षणात लागतो. तेथे संयम राखायचा तो वाचणाऱ्यानेच.

याचा अर्थ ‘म्हणे’ त्याज्य आहे, असा नव्हे. ज्याची खात्री नाही ते खात्रीने न सांगणे हा प्रामाणिकपणाच आहे आणि ‘इज सेड टु’ ही रचना त्या प्रामाणिकपणाचे साधन आहे. दोष निर्माण होतो तो प्रवासात. पहिला माणूस ‘आहे म्हणे’ असे सांगतो, दुसरा ‘आहे वाटते’ म्हणतो, तिसरा ‘आहे’ म्हणून मोकळा होतो. एकेका मुखातून जाताना ‘म्हणे’ गळून पडतो आणि राईचा पर्वत उभा राहतो. डोळे आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे जुनी माणसे सांगत. ते अंतर प्रत्येकाने आपल्यापुरते राखावे. ऐकीव गोष्ट पुढे द्यायची असेल तर तिच्यासोबत तिचा ‘म्हणे’ही पुढे द्यावा. इंग्रजीत लिहिताना शक्य तेथे म्हणणाऱ्याचे नाव लिहावे, आणि नाव ठाऊक नसेल तेव्हाच कर्मणी रचनेचा आश्रय घ्यावा. वाचताना तीन प्रश्न विचारावेत : कोण म्हणतो? केव्हा म्हणतो? आणि केव्हाचे म्हणतो? पहिल्या प्रश्नाला वाक्य उत्तर देत नाही, म्हणून ते वाक्याबाहेर शोधावे. दुसऱ्याचे उत्तर ‘इज’ आणि ‘वॉज’मध्ये असते. तिसऱ्याचे ‘टु’नंतर असते.

हीरक महोत्सवी वर्षात हे तीन प्रश्न शाळेच्या स्वतःच्या इतिहासालाही विचारणे प्राप्त आहे. साठ वर्षांच्या संस्थेभोवती कितीतरी कथा जमलेल्या असतात. पहिले वर्ग कोठे भरले म्हणे, फळे कोणी दिले म्हणे, अमक्या पावसाळ्यात शाळा कशी चालली म्हणे, कोणा गुरुजींनी स्वतःच्या पगारातून मुलांची फी भरली म्हणे. अशा कथांत प्रेम असते आणि प्रेमापोटी थोडी भरही पडते. परंतु त्या पहिल्या वर्षांत बाकावर बसलेली मुले आज पासष्टी-सत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांच्यापैकी काही आजही या शाळेशी नाते राखून आहेत. ‘म्हणे’चे ‘मी पाहिले’ करण्याचे सामर्थ्य आज फक्त त्यांच्यापाशी आहे. त्यांनी आपल्या आठवणी नाव आणि वर्ष घालून लिहून ठेवाव्यात. स्वतः पाहिले ते वेगळे आणि कानी आले ते वेगळे लिहावे. नव्या पिढीच्या मुलांनी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या घरी जावे, विचारावे, टिपून घ्यावे. मराठीत टिपावे आणि मग इंग्रजीत उतरवावे. इंग्रजीच्या तासाचा याहून चांगला गृहपाठ सापडणार नाही. हे काम लांबणीवर टाकले, तर अमृत महोत्सवाच्या ग्रंथात याच शाळेविषयी प्रत्येक वाक्य ‘इज सेड टु हॅव’ने लिहावे लागेल, आणि तेव्हा ‘कोण म्हणतो’ या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी उरलेले नसेल.